शाहिराचे गाणे मोबाइलवर कसे नोंदवून ठेवावे

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्री खडी गंमत हा गाण्या-नाचाचा लोकनाट्यप्रकार रंगतो. तिथल्या वयस्कर शाहिरांची गाणी नोंदवून ठेवावीत असे ज्यांना वाटते, त्यांनी ते काम मंडईच्या रात्री करू नये, कारण भोंग्यांच्या गोंगाटात शब्द हाती लागत नाहीत. धानाची कापणी आणि मळणी आटोपली की आधी निरोप देऊन सकाळी शाहिरांच्या घरीच जावे.

टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, म्हणून मातीच्या भिंतींची खोली निवडावी, पंखा बंद ठेवावा आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा. तो घडी घातलेल्या दुपट्ट्यावर, गायकापासून दीड-दोन हातांवर ठेवावा आणि डफ-ढोलकीवाल्यांना गायकाच्या मागे बसवावे. दमट हवेत डफाचे कातडे सैल पडते आणि ते आगीवर शेकावे लागते. त्या वेळी घाई करू नये, पण रेकॉर्डिंग मात्र सुरू ठेवावे. मी ज्या शाहिरांकडे गेलो होतो, त्यांनी डफावर टिचकी मारून ‘अजून बोलत नाही’ असे म्हणत तो तीनदा आगीवर धरला आणि तेवढ्या वेळात आपल्या गुरूंची सगळी हकीकत सांगून टाकली.

गाण्याआधी गायकाचे नाव, गाव, तालुका, तारीख, गुरूंचे नाव आणि फड कलगीचा की तुऱ्याचा (शाहिरांच्या दोन प्रतिस्पर्धी परंपरांपैकी कोणत्या), हे सारे त्यांच्याच तोंडून रेकॉर्डिंगमध्ये यावे. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेतील मिसिसिपी जॉन हर्ट या गायकाची गाणी 1928 साली ध्वनिमुद्रित झाली आणि पुढे तो विस्मृतीत गेला. लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाच्या काळात, 1963 साली, त्याच्याच एका गाण्यात आलेल्या ॲव्हलॉन या गावाच्या नावावरून तरुण संग्राहकांनी त्याला शोधून काढले. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला आणि 1966 साली वारला. एका गावाच्या नावामुळे श्रोत्यांना त्याची तीन वर्षे लाभली. आपल्याकडे शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा येते, जशी तुकडोजी महाराजांच्या भजनांत ‘तुकड्या म्हणे’ येते. म्हणून ते कडवे संपेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नये.

शब्द उतरवताना ‘मले’, ‘तुले’, ‘पानी’ जसे गायले तसेच लिहावे, त्यांना प्रमाण मराठीचा पोशाख चढवू नये. शाहिरांनी जुने बाड, म्हणजे गाण्यांची हस्तलिखित वही, दाखवले, तर ते घरी मागून न आणता तिथेच खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा.

मानधन गाण्याआधी ठरवून त्याच दिवशी हाती द्यावे आणि यूट्यूबवर टाकण्याची परवानगी वेगळी विचारावी. नकार मिळाला तर तो पाळावा. फाइलला गाव, गायक आणि तारीख असे नाव देऊन तिच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, आणि तिसरी प्रत मेमरी कार्डात भरून शाहिरांच्या घरी पोहोचवावी.