पोराचं लायसन्स आलं, आता गाडीचा विमा स्वस्तात कसा काढायचा?

भाच्याचं पक्कं लायसन्स पोस्टानं आलं आणि त्याच संध्याकाळी तो सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी हजर. "मामा, मी एकोणीसचा. माझ्या वयाला गाडीचा विमा दुप्पट पडतो म्हणतात, खरंय का?" कुठल्याशा परदेशी व्हिडिओत त्यानं ऐकलं होतं. अमेरिकेत, इंग्लंडात ते खरंच आहे, तिथं चालवणाऱ्याचं वय बघून हप्ता ठरतो. आपल्याकडं विमा मुख्यतः गाडीवर बसतो. इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी, तिची आजची किंमत काय, पासिंग कुठलं, हे बघून आकडा निघतो. म्हणून विम्याचे पैसे वाचवायला सुरुवात गाडी बघायला जातानाच करायची.

आधी इंजिन बघा

प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, कायद्यानं सक्तीचा आहे. त्याचे दर सरकार ठरवतं, त्यामुळं या भागात एजंटाशी घासाघीस करून उपयोग नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि १,५०० च्या वर ७,८९७ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. नवी कार घेताना हा विमा एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो: ६,५२१, १०,६४० किंवा २४,५९६ रुपये.

आता आपल्याकडच्या पोरांची पहिली पसंती काय, तर सेकंड हँड स्कॉर्पिओ. ऊस गेला, बिल आलं, की आधी तीच डोळ्यांपुढं येते. तिचं इंजिन दोन हजार सीसीच्या वर आणि वॅगन आरचं लहान इंजिन ९९८ सीसीचं. म्हणजे नुसत्या थर्ड पार्टीतच दरवर्षी ५,८०३ रुपयांचा फरक, जीएसटी वेगळा. भाच्याचा चेहरा तिथंच उतरला.

पुण्यात नोकरीला असलेल्या मित्राकडून गाडी घेताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. विम्याच्या जुन्या वर्गवारीत पुणे 'अ' विभागात येतं, सांगली आणि सातारा 'ब' विभागात. एमएच-१० किंवा एमएच-११ पासिंगच्या गाडीला गाडीच्या नुकसानीचा हप्ता किंचित कमी पडू शकतो. फरक थोडा आहे, त्यासाठी खोटा पत्ता वगैरे लावायच्या भानगडीत पडू नका.

गाडी कुणाच्या नावावर?

हा प्रश्न घरात बसून, शांतपणे सोडवायचा. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस मिळतो, म्हणजे एनसीबी: आधी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. ही सूट थर्ड पार्टीवर मिळत नाही, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. आणि हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. वडिलांनी जुनी गाडी विकली, कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं आणि तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी स्वतःच्या नावावर घेतली, तर त्यांचा ५० टक्के बोनस नव्या गाडीला लागतो. तीच गाडी मुलाच्या नावावर घेतली तर तो शून्यावर. बापाचा बोनस पोराला वारसाहक्कानंच मिळतो, एरवी नाही.

वडिलांच्या नावावरची गाडी मुलानं चालवली तर विम्याला अडचण नाही, त्याच्याकडं वैध लायसन्स हवं एवढंच. मात्र पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघात संरक्षण गाडीच्या मालकाचं असतं. गाडी चालवताना मुलाला काही झालं तर ते त्याला लागू नाही. त्याच्या नावानं वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, ती फार महाग नसते. इथं काटकसर करू नका.

भाच्यानं विचारलं, "मग माझा बोनस कधी सुरू होणार?" बरोबर प्रश्न. गाडी वडिलांच्या नावावर असेतो नाही. पण पहिली दोन-तीन वर्षं हात बसेपर्यंत ठोकाठोकी होणारच, तेव्हा हा सौदा मला तरी परवडणारा वाटतो.

कोटेशन तीन घ्या, पण एकाच मापाची

शोरूममध्ये गाडीबरोबरच विम्याचा कागद पुढं सरकवतात. तिथूनच घ्यायची सक्ती नाही. शोरूमचं एक, ओळखीच्या एजंटाचं एक आणि ऑनलाइन एक अशी तीन कोटेशनं घ्या. थर्ड पार्टीचा आकडा तिन्हीकडं सारखाच हवा. फरक पडतो तो बाकीच्या भागात.

तुलना करताना आधी आयडीव्ही बघा, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडीत निघाली तर कंपनी धरते ती किंमत. तीन ते चार वर्षांच्या गाडीला नव्या किमतीतून ४० टक्के घट धरतात. नवी ६ लाखांना असलेली गाडी त्या वयात ३ लाख ६० हजारांची. एखाद्यानं स्वस्त कोटेशन दिलं असेल तर त्यानं आयडीव्ही खाली ओढलेली असण्याची शक्यता मोठी. हप्त्यात वाचलेले हजार-पाचशे गाडी गेली तर कित्येक हजारांना पडतात.

जोडीला 'थर्ड पार्टी मालमत्ता नुकसान ६,००० पर्यंत मर्यादित' अशी ओळ दिसली तर ती काढायला लावा. त्यानं शंभर रुपये वाचतात, आणि एरवी साडेसात लाखांपर्यंत असलेलं संरक्षण सहा हजारांवर येतं. दुसऱ्याच्या गाडीचा एक दिवासुद्धा कधीकधी याहून महाग असतो.

सांगलीत इंजिनाचा विचार करावाच लागतो

एजंट पाच-सहा ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची संरक्षणं, वाचून दाखवेल. पाच वर्षांच्या आतली गाडी असेल तर नवशिक्यानं झिरो डेप घ्यावा, म्हणजे बदललेल्या भागांच्या किमतीतून घट कापत नाहीत. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत आपल्या खिशातून जाते, आणि नवा हात आधी बंपरच फोडतो. जुन्या गाडीला हा खर्च सोडून द्या.

इंजिन प्रोटेक्शनचं, म्हणजे पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचा खर्च देणाऱ्या ॲड-ऑनचं, मात्र राहता कुठं त्यावर ठरवा. जत, आटपाडीकडच्या कोरड्या भागात असाल तर मी आग्रह करणार नाही. पण सांगलीवाडी, गावभाग, कर्नाळ रोड या बाजूला असाल तर घ्याच. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. पुरानं झालेलं नुकसान फुल इन्शुरन्समध्ये, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर आपल्या गाडीचंही नुकसान धरणाऱ्या पॉलिसीत, धरतात, नुसत्या थर्ड पार्टीत काहीच मिळत नाही. पण बुडालेली गाडी सुरू करायला गेलात आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर ते इंजिन साध्या फुल इन्शुरन्समध्येही सहसा बसत नाही. पाणी ओसरल्यावर पोरांचा हात आधी चावीकडं जातो. चावी लावायची नाही. फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा आणि गाडी टो करून न्यायची.

ओरखड्याला क्लेम करू नका

एक हिशेब करून बघा. बंपर ३,००० रुपयांचा. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिक म्हणून निम्मे, राहिले १,५००. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागं १,००० रुपये सक्तीनं आपले. हातात आले ५००. आणि पुढच्या वर्षीच्या ६,००० च्या हप्त्यावर मिळणारा २० टक्के बोनस, म्हणजे १,२०० रुपये, गेले. बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल तर ३,००० गेले.

लहान क्लेम करायचेच नाहीत हे एकदा ठरलं, की व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्यायला हरकत नाही. म्हणजे क्लेममधली आणखी २,५०० किंवा ५,००० ची झळ आपण सोसायची आणि त्याबदल्यात हप्त्यात सूट घ्यायची. सूट किती मिळते तेवढं आधी विचारा, काही ठिकाणी ती अगदीच किरकोळ असते.

स्वस्त विमा फुकट जातो तो असा

खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी ज्योतिबाला किंवा पंढरपूरला माणसागणिक पैसे घेऊन नेली, थोडक्यात वडाप केलं, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. सीएनजी किट बसवलं तर ते आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर चढवून घ्या. कच्चं लायसन्स असेल तर शेजारी पक्क्या लायसन्सवाला माणूस आणि पुढं-मागं 'एल' हवाच. अठरा वर्षांखालच्या धाकट्याच्या हातात गाडी दिलीत तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुनी गाडी घेतली असेल तर १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, ही स्थिती आपल्याकडं महिनोन्‌महिने चालते आणि क्लेमच्या दिवशी उघडी पडते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साठवलेला बोनस बुडतो. मधल्या काळात विनाविमा गाडी पकडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड.

कंपनीनं क्लेम अडवला आणि तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही.

पॉलिसी आली की नाव, इंजिन नंबर, चेसिस नंबर, आयडीव्ही आणि बोनसचा टक्का आरसीशेजारी ठेवून वाचा. शेवटी भावजींच्या नावावर वॅगन आर घेतली, तेव्हा आम्ही दोघं हेच करत बसलो होतो. चेसिस नंबरात एक आकडा उलटसुलट झालेला भाच्यालाच दिसला. एजंटानं दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवला.