१९०८ चा बेसबॉल हंगाम स्कोअररच्या वहीत कसा उतरवावा

मी ठाण्यात सेंट्रल मैदानावर आणि दादोजी कोंडदेव क्रीडागृहात क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग करते, नव्या मुलामुलींना शिकवतेही. पावसाळ्यात मैदानं बंद असतात तेव्हा त्यांना एक काम देते. १९०८ सालचा अमेरिकेच्या नॅशनल लीग या बेसबॉल स्पर्धेचा हंगाम, शिकागो कब्स या संघाच्या बाजूने, दिवसागणिक वहीत उतरवायचा. बेसबॉल आधी येत असलाच पाहिजे असं नाही. ज्याला स्कोअरबुक जुळवता येतं त्याला हे जमतं.

नियम एकच, पण तो कडक पाळायचा: त्या दिवशी संध्याकाळी जे कुणाला माहीत नव्हतं, ते त्या दिवसाच्या पानावर लिहायचं नाही. शेवटचा तक्ता समोर ठेवून हंगाम वाचला की सगळं आधीच ठरलेलं वाटायला लागतं. हंगाम तसा नसतो. तो रोज थोडा थोडा घडतो आणि स्कोअररला तो तसाच भेटायला हवा.

जांभळी नाक्यावरून हिशेबाची लांब वही आणा. पेन्सिल वापरा. पहिल्या पानावर आठ शहरं लिहा: पूर्वेची बोस्टन, न्यूयॉर्क (संघ जायंट्स), ब्रुकलिन, फिलाडेल्फिया, पश्चिमेची पिट्सबर्ग (संघ पायरेट्स), सिनसिनाटी, शिकागो (आपले कब्स), सेंट लुईस. प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी २२ वेळा खेळतो, म्हणजे १५४ सामने. प्रवास रेल्वेचा, त्यामुळे संघ पूर्वेच्या दौऱ्यावर गेला की एकेका शहरात ओळीने सामने खेळूनच पुढे सरकतो. रविवार लाल पेन्सिलीने रंगवा. शिकागो, सिनसिनाटी आणि सेंट लुईसमध्ये रविवारी सामने होत. न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, पिट्सबर्गमध्ये कायद्याने बंदी होती. मैदानावर दिवे नव्हते. पावसाने बुडालेला सामना पुढे दुसऱ्या सामन्याला जोडून एकाच दिवशी उरकत आणि अंधार पडेपर्यंत निकाल लागला नाही तर सामना बरोबरीत सोडून देत. हे एकदा पक्कं झालं की तारखांमधल्या उड्यांचं कोडं राहत नाही.

निकालांची तारीखवार यादी बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर मिळते. पण खरी मजा वर्तमानपत्रांत आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’, ‘द सन’, ‘इव्हनिंग वर्ल्ड’ यांची पानं फुकट वाचता येतात. सकाळच्या पेपरसाठी सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाका.

आता बॉक्स स्कोअर, म्हणजे पेपरात छापून येणारा एका सामन्याच्या आकड्यांचा तक्ता. हा तक्ता रुजवणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, आधी क्रिकेटचं वार्तांकन करणारा माणूस. याच हंगामाच्या सुरुवातीला, २० एप्रिल १९०८ ला तो वारला. त्या तारखेच्या पानावर त्याचं नाव लिहाच, आपल्या घराण्यातला आहे तो. खेळाडूच्या नावापुढे सहा रकाने असतात: फलंदाजीच्या संधी, धावा, हिट (फटका मारून बेस गाठणं), पुटआउट (बाद प्रत्यक्ष पूर्ण करणं), असिस्ट (त्या बादसाठी चेंडू पुरवणं), एरर (क्षेत्ररक्षणातली चूक). बेस म्हणजे धावपटूने ओळीने शिवायचे टप्पे; तिन्ही शिवून तो घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, परतला की एक धाव. क्षेत्ररक्षकांचे आकडे पाठ करा. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग लांबचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. कब्सचा शॉर्टस्टॉप टिंकर, दुसऱ्या बेसवर एव्हर्स, पहिल्यावर कॅप्टन आणि मॅनेजर चान्स. या तिघांनी दोघांना बाद केलं की वहीत ६-४-३.

धावा कुणामुळे आल्या याचा रकाना जुन्या बॉक्समध्ये शोधू नका; ती नोंद अधिकृत झाली १९२० मध्ये. पिचरची अर्न्ड रन सरासरी (क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे आलेल्या धावा वगळून नऊ डावांमागे दिलेल्या धावा) नॅशनल लीगने १९१२ पासून धरली. जायंट्सच्या मॅथ्यूसनची १.४३ आणि कब्सच्या मॉर्डेकाय ब्राउनची १.४७ हे आकडे नंतर मोजलेले आहेत. ते वहीच्या शेवटी वेगळ्या पानावर ठेवा.

बॉक्स जुळवायची रीत अशी. एका संघाच्या फलंदाजीच्या संधी, मिळालेले वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस), अंगाला लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे सरकवणं) यांची बेरीज करा; शेवटची तिन्ही संधींमध्ये धरलेली नसतात. ही बेरीज त्यांच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले धावपटू आणि समोरच्या संघाचे पुटआउट यांच्या बेरजेइतकीच यायला हवी. आलेला प्रत्येक माणूस यांपैकी कुठेतरी गेलाच पाहिजे. डावाला तीन बाद, म्हणून नऊ पूर्ण डावांना पुटआउट २७ होतात. यजमान आघाडीवर असतील तर ते नववा डाव खेळत नाहीत, मग पाहुण्यांचे २४ च. बेरीज जुळत नसेल तर दुसरा पेपर उघडा. छापखान्यात आकडे सर्रास हुकत.

रोजचा तक्ता टक्केवारीने लागतो: जिंकलेले भागिले निकाली सामने, बरोबरी सोडून. किती मागे आहे ते काढायला जिंकण्यातला फरक आणि हरण्यातला फरक मिळवून निम्मा करा.

सप्टेंबरला मात्र घाई करू नका. ४ सप्टेंबर, पिट्सबर्ग. पायरेट्सची विजयी धाव आली आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसऱ्या बेसपर्यंत न जाता मैदानाबाहेर निघाला. गिलला बाद द्या अशी एव्हर्सने दाद मागितली. अंपायर हँक ओडे याने ते पाहिलं नव्हतं, त्याने बाद दिलं नाही. हे पान नीट भरा, कोपरा दुमडून ठेवा.

२३ सप्टेंबर, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. १-१, नववा डाव, दोन बाद. जायंट्सचा मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल, पाठदुखीने बसलेल्या टेनीच्या जागी खेळणारा. ब्रिडवेलने चेंडू मधून काढला, मॅककॉर्मिक घरी आला, प्रेक्षक मैदानात उतरले आणि मर्कल अर्ध्या वाटेतून वळला. एव्हर्सने चेंडू मागवून दुसरा बेस शिवला. अंपायर पुन्हा ओडेच. या वेळी त्याने बाद दिलं.

नियम समजून घ्या. फलंदाज पहिल्या बेसकडे निघाला की तिथल्या धावपटूला जागा सोडून पुढे जावंच लागतं. तो पोचण्याआधी चेंडूसकट पुढचा बेस शिवला गेला आणि तो तिसरा बाद असला, तर त्या चेंडूवर आलेली धाव धरत नाहीत, मग ती आधी पूर्ण झालेली का असेना. वहीत याने तीन खुणा बदलतात: मॅककॉर्मिकची धाव पुसायची, ब्रिडवेलची हिट पुसायची, एव्हर्सच्या नावावर एक पुटआउट चढवायचा. कब्सचे पुटआउट २६ चे २७ होतात आणि सामना बरोबरीत. अख्खा हंगाम त्या सत्ताविसाव्या पुटआउटवर येऊन थांबतो, म्हणून मी बेरीज जुळवायचा इतका आग्रह धरते.

मर्कलच्या नावापुढे ‘घोडचूक’ लिहू नका. त्या काळात विजयी धाव आली की धावपटू असेच निघून जात आणि १९ दिवसांपूर्वी गिलला त्याची शिक्षा झाली नव्हती. दुमडलेलं पान उघडून शेजारी ठेवा. त्या पोराला लोकांनी आयुष्यभर हिणवलं, ते मला अजून खटकतं.

पुढचे दिवस भराभर जातात. २६ सप्टेंबरला कब्सचा पिचर रॉयलबाख याने ब्रुकलिनविरुद्ध एकाच दिवशी दोन्ही सामन्यांत एकही धाव दिली नाही. ४ ऑक्टोबर, रविवार, शिकागोत कब्सनी पायरेट्सना ५-२ ने हरवलं. त्या रात्रीचा तक्ता स्वतः काढा (आधी जिंकलेले, मग हरलेले): कब्स ९८-५५, .६४१, पायरेट्स ९८-५६,.६३६, अर्धा सामना मागे, जायंट्स ९५-५५,.६३३, दीड मागे. जायंट्सचे बोस्टनशी तीन सामने उरले होते, तिन्ही जिंकून तेही ९८-५५. म्हणून ८ ऑक्टोबरला बरोबरीचा सामना पुन्हा खेळवला. कब्सनी पहिल्याच डावात आपला पिचर फीस्टरला काढून ब्राउनला आणलं आणि मॅथ्यूसनला ४-२ ने हरवलं. तक्ता: ९९-५५, मागे दोघेही ९८-५६, एक सामना. मग वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या मालिकेत, कब्सची डेट्रॉइटवर ४-१ ने मात.

हे झालं की वही उलटी करा आणि मागच्या बाजूने त्याच वर्षीची अमेरिकन लीग, म्हणजे दुसरी मोठी लीग, सुरू करा. २ ऑक्टोबरचं पान नवख्यांना बेरीज शिकवायला उत्तम: क्लीव्हलँडचा पिचर अ‍ॅडी जॉस, शिकागो व्हाइट सॉक्सचे २७ आले, २७ गेले, बेसवर कुणी नाही. समोरचा पिचर एड वॉल्श याने १५ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि तो ०-१ ने हरला. त्या लीगचा शेवट डेट्रॉइट ९०-६३, क्लीव्हलँड ९०-६४. डेट्रॉइटचा पावसाने बुडालेला एक सामना पुन्हा खेळवला गेला नाही, तसा नियम तेव्हा नव्हता. अर्ध्या सामन्याचा हिशेब मुलांना स्वतः मांडू द्या, उत्तर सांगू नका.