इंग्रजी वाक्य सिंपल, कम्पाउंड की कॉम्प्लेक्स? ओळखायचं कसं

इंग्रजी वाक्यांची वर्गवारी दोन अंगांनी होते. एक हेतूचं अंग: वाक्य सांगतंय, विचारतंय, आज्ञा देतंय की उद्गार काढतंय. दुसरं रचनेचं: सिंपल, कम्पाउंड, कॉम्प्लेक्स. गोंधळ होतो तो बहुधा ही दोन अंगं एकमेकांत मिसळल्यामुळे. 'इफ यू सी राजू, टेल हिम टू कॉल मी' हे वाक्य हेतूने आज्ञार्थी आहे आणि रचनेने कॉम्प्लेक्स. दोन्ही उत्तरं बरोबर; आधी प्रश्न काय विचारलाय ते बघा.

हेतूचे चार प्रकार मराठीतल्यासारखेच, तिथे फारसं अडत नाही. फसवतं ते 'आय आस्क्ड व्हेअर ही लिव्ह्ड' यासारखं वाक्य. त्यात 'व्हेअर' असलं तरी ते विधानच आहे आणि शेवटी पूर्णविराम येतो. थेट प्रश्न असता तर 'व्हेअर डिड ही लिव्ह?' असं झालं असतं, म्हणजे 'डिड' कर्त्याच्या आधी आलं असतं.

खरी अडचण रचनेची. तिथे पहिलं काम म्हणजे क्रियापदं मोजणं. पण मोजायची ती फक्त काळ दाखवणारी, म्हणजे फायनाइट. 'टू' लागलेलं रूप धरायचं नाही, सहायक क्रियापदाशिवाय आलेलं 'इंग'वालं रूपही नाही. 'हॅज बीन वेटिंग' हे तिन्ही मिळून एकच. आता हे बघा: 'आफ्टर फिनिशिंग हिज होमवर्क, द बॉय वेंट टू द ग्राउंड टू प्ले क्रिकेट.' एवढं लांबलचक, पण मोजण्याजोगं क्रियापद एकटं 'वेंट'. म्हणून सिंपल. लांबी पाहून प्रकार ठरवू नका.

दोन किंवा जास्त क्रियापदं सापडली, तर सांधा शोधा. 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो' यांनी दोन पूर्ण वाक्यं जोडली असतील तर कम्पाउंड. 'बिकॉज', 'दो', 'इफ', 'व्हेन', 'दॅट', 'हू', 'विच' यांनी एक भाग दुसऱ्यावर टेकवला असेल तर कॉम्प्लेक्स. शंका आली तर एक भाग बोटाने झाका. 'बिकॉज इट वॉज रेनिंग' एवढंच उरलं तर अर्थ लोंबकळतो.

तीन ठिकाणी जपा. 'बिकॉज ऑफ द रेन' यात क्रियापदच नाही, त्यामुळे निव्वळ 'बिकॉज' दिसलं म्हणून कॉम्प्लेक्स लिहू नका. 'सो' वेगळं आणि 'सो दॅट' वेगळं. दुसऱ्याने कॉम्प्लेक्स होतं. आणि 'दॅट' अनेकदा गाळलेलं असतं: 'आय नो ही इज इल.' सांधा दिसत नाही, पण क्रियापदं दोन आहेत, म्हणून हे कॉम्प्लेक्स. ('ही केम अँड सॅट डाउन' याबद्दल व्याकरणाच्या पुस्तकांत मतभेद आहेत. आपल्याकडच्या शालेय पद्धतीत ते कम्पाउंड धरतात, अमेरिकी पुस्तकांत बहुधा सिंपल. परीक्षेत आपल्या पुस्तकाचं ऐका.)

ओळखता यायला लागलं की एकच मजकूर तिन्ही प्रकारांत लिहून बघा. दहावी-बारावीच्या रूपांतराच्या प्रश्नांनाही तेच लागतं:

सिंपल: 'इन स्पाइट ऑफ बीइंग टायर्ड, ही वर्क्ड.'
कम्पाउंड: 'ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड.'
कॉम्प्लेक्स: 'दो ही वॉज टायर्ड, ही वर्क्ड.'

तिसऱ्या वाक्यात मराठी माणसाचा हात हमखास घसरतो. आपल्याकडे 'जरी'च्या जोडीला 'तरी' लागतं, म्हणून 'दो'नंतर आपण सवयीने 'बट' घालतो. इंग्रजीत त्या दोघांपैकी एकच चालतं. 'दो' ठेवलंत तर स्वल्पविरामानंतर थेट कर्ता लिहा.