गाभण मेंढीचा शेवटचा दीड महिना

जेठ-आषाढात नर लागलेल्या मेंढ्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. म्हणजे दिवाळीच्या सुमारास कळपातल्या बऱ्याच मेंढ्या शेवटच्या दीड महिन्यात असतात, आणि नेमके तेव्हाच धनगरांचे अनेक वाडे, म्हणजे फिरते तळ, कोकणाकडे हलतात. चालणं वाढतं, पोटात मात्र कमी पडतं.

मेंढीला चाऱ्यातून आयती साखर फारशी मिळत नाही. कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबतो, त्यातून तयार होणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचं यकृत ग्लुकोज बनवतं. गाभणपणात वारेतून प्रोजेस्टेरॉन, लॅक्टोजेन अशी संप्रेरकं स्रवतात आणि आईच्या अंगावर इन्शुलिनचा असर कमी होतो. तिचे स्नायू साखर कमी उचलतात, ती गर्भाकडे जाते. एकच कोकरू असेल तर मेंढी हे निभावते. जुळी असली आणि एखादा दिवस उपास घडला की रक्तातली साखर कोसळते. मग अंगावरची चरबी भराभर वितळून यकृतात साचते, रक्तात कीटोन, म्हणजे चरबी वापरली जाताना तयार होणारी द्रव्यं, वाढतात. हाच गाभणकाळातला कीटोनचा आजार. नारी सुवर्णा जातीसारख्या जुळी देणाऱ्या मेंढ्या असतील तर जास्तच सावध राहा. खूप रोड मेंढीला धोका असतो तसाच फार लठ्ठ मेंढीलाही, कारण पोटात चरबी आणि गर्भ भरल्यावर चाऱ्याला जागाच उरत नाही.

पाठीच्या कण्यावरून हात फिरवून रोड मेंढ्या आजच वेगळ्या काढा. सोय असेल तर सोनोग्राफी करून जुळीवाल्याही निवडा. त्यांना मक्याचा भरडा रोज 50 ग्रॅमपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत 200 ते 250 ग्रॅमवर न्या. एकदम पोतं मोकळं केलंत तर पोटात आम्ल वाढून मेंढी त्यानेच दगावेल. वैरण आणि पाणी कधी तुटू देऊ नका. लोकर कातरणी, गाडीतून लांबची ने-आण या दिवसांत टाळा. मोठा टप्पा चालायचा असेल तर गाभण मेंढ्या मागाहून, सावकाश आणा.

कळपामागे रेंगाळणारी, भरड्याला तोंड न लावणारी, दात खाणारी मेंढी दिसली की तिथेच थांबा. पुढे तिला दिसेनासं होतं, ती भिंतीला डोकं लावून उभी राहते, मग बसते ती उठत नाही. बसलेली मेंढी उठवली की बहुधा लगेच मुतते. तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणारी कीटोनची पट्टी त्या मुतात बुडवून पाहा.

उभी असून गिळू शकत असेल तर प्रोपिलीन ग्लायकॉल (यकृत ज्यापासून ग्लुकोज बनवतं ते पातळ औषध) 60 मिली दिवसातून दोनदा, तीन दिवस पाजा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलावा. बसक्या मेंढीच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. कॅल्शियम कमी झालं तरी मेंढी अशीच बसते, म्हणून सलाइन आणि इंजेक्शनचा निर्णय त्यांच्यावर सोडा. वेळ पडल्यास पशुवैद्यक औषध देऊन मेंढीला लवकर विऊ देण्याचाही निर्णय घेतील. कोकरं गेली तरी चालेल, मेंढी वाचवा, असं त्यांना आधीच सांगून ठेवा.