कोपनहेगनमध्ये फर्निचरची कंपनी काढायची, तर आधी एकच खुर्ची

मी कोपनहेगनमध्ये फर्निचर कंपन्यांसाठी खरेदीचं काम पाहते. इथे डिझाइन शिकायला आलेली आपली मुलं कंपनी काढायचं स्वप्न घेऊन भेटतात, तेव्हा बहुतेकांकडे चाळीसेक वस्तूंची चित्रं तयार असतात. त्यांना मी एकच सांगते: एक खुर्ची निवडा आणि कागदावर रेघ ओढण्याआधी तिची किंमत ठरवा.

समजा, दुकानात ती 4000 क्रोनरला लावायची आहे. त्यातला मूळ किमतीवर लागलेला 25 टक्क्यांचा व्हॅट वजा केला की 3200 उरतात. दुकानदार साधारण निम्मे ठेवतो, म्हणजे तुमच्याकडे 1600. डिझायनरची रॉयल्टी 4 टक्के धरा, 64 गेले. मग वाहतूक, गोदाम, मोडतोड, पगार. कारखान्याचा भाव 800च्या वर गेला, तर कंपनी वाढवायला काहीच शिल्लक राहत नाही. हा हिशेब आधी झाला की किती सांधे परवडतील, लाकूड कोणतं, खोका केवढा, हे आपोआप ठरत जातं. इकेआने 1956मध्ये पाय सुटे करून सपाट खोक्यात फर्निचर विकायला सुरुवात केली, ती वाहतुकीचा खर्च कापण्यासाठीच. उलट टोकाला डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरची विशबोन खुर्ची: 1950पासून कार्ल हान्सन कंपनी ती बनवते आणि बैठकीसाठी सुमारे 120 मीटर कागदी दोरी आजही हाताने विणते. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. एका खुर्चीत दोन्ही साधायला जाऊ नका.

स्वतःचा कारखाना लागत नाही. 2002मध्ये सुरू झालेल्या ‘हे’ (Hay) आणि 2006मधल्या ‘मूटो’ (Muuto) या डॅनिश कंपन्यांनी बाहेरच्या डिझायनरांकडून आणि कारखान्यांकडूनच काम करून घेत नाव कमावलं.

माल भारतातून आणणार असाल, तर लाकडाचा ओलावा स्वतः मोजून घ्या. आठ टक्क्यांच्या आसपास हवा. कोकणच्या दमट हवेत घट्ट बसलेला सांधा इथल्या हीटरच्या कोरड्या खोलीत जानेवारीत सैल होतो, कधी फळी तडकते. सुताराचा हात कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

नमुना पक्का झाला की युरोपीय संघात डिझाइनची नोंदणी करा. पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत पंचवीस वर्षं संरक्षण मिळतं. वस्तू प्रथम जगापुढे आणल्यापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, हे विसरू नका.

आणि गिऱ्हाईक? घरोघरी एकेक खुर्ची विकून मोठं होणं फार कठीण. आर्किटेक्टकडे जा. डॅनिश आर्किटेक्ट आर्ने याकोबसेनची 1952ची मुंगी खुर्ची नोवो या औषध कंपनीच्या कॅन्टीनसाठीच घडली. कार्यालयं, ग्रंथालयं, कॅन्टीन शंभर नग एकदम घेतात. मात्र सार्वजनिक वापराच्या खुर्च्यांसाठीच्या ईएन 16139 या युरोपीय मानकानुसार केलेल्या चाचणीचा अहवाल आधी मागतात. तो खर्च पहिल्याच वर्षाच्या हिशेबात धरा. हीच माणसं काही वर्षांनी त्याच रंगाचे आणखी वीस नग मागायला येतील, म्हणून साचे आणि रंगाचे नमुने जपून ठेवायची व्यवस्था कारखान्याशी लेखी करा. दुसऱ्या वस्तूचं चित्र त्यानंतर काढा.