पायाच्या बोटाला जखम झाल्यावर घरी करायची स्वच्छता आणि शुश्रूषा

पायाच्या बोटाला जोरात ठेच लागली, नख उचकटले किंवा बोटावर जड वस्तू पडली की वेदना इतकी असह्य असते की बहुतेक जण आधी बोट चोळतात, मग हाताला लागेल ते औषध त्यावर ओततात, आणि जखम नेमकी किती व कुठे आहे हे पाहायचे राहूनच जाते. बोटाच्या टोकाशी चेतातंतूंची दाटी असते आणि नख व हाड यांच्यामधला थर फार पातळ असतो, त्यामुळे किरकोळ मारानेही तिथे जबर ठणका लागतो. दुखणे किती आहे यावरून इजा किती मोठी आहे हे म्हणूनच ठरवता येत नाही. ते नीट पाहूनच ठरवावे लागते, आणि त्यासाठी आधी रक्त थांबवून बोट स्वच्छ करणे आवश्यक असते.

रक्त वाहत असेल तर जखमी व्यक्तीने आडवे व्हावे आणि पाय उशांवर ठेवून छातीपेक्षा उंच घ्यावा. मदत करणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, शक्य असल्यास हातमोजे घालावेत आणि स्वच्छ सुती कापडाची किंवा गॉझची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. हा दाब घड्याळ लावून सलग दहा मिनिटे द्यावा. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच कापड उचलू नये, कारण नुकतीच धरू लागलेली गुठळी त्याबरोबर निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कापड भिजले तर ते तसेच ठेवून त्यावर दुसरी घडी ठेवावी. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर बांधून रक्त अडवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. बोटात जोडवे असेल तर सूज वाढण्यापूर्वीच साबणाचे पाणी लावून ते अलगद काढून घ्यावे. एकदा बोट सुजले की ते निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा आवळला जातो.

जखम धुणे

घरी करता येण्यासारख्या सगळ्या उपायांत जखम धुण्याला सर्वाधिक महत्त्व आहे आणि नेमकी तीच पायरी लोक घाईने उरकतात. पाय जमिनीच्या सर्वांत जवळ असल्यामुळे बोटाच्या जखमेत माती, वाळूचे कण, पादत्राणाचे तंतू हमखास शिरलेले असतात. हे कण आत राहिले तर वरून कितीही मलम लावले तरी जखम चिघळण्याचा धोका राहतो. त्यामुळे नळाचे पिण्यायोग्य, गार किंवा कोमट पाणी मध्यम धारेने जखमेवर किमान पाच मिनिटे सोडावे. माती स्पष्ट दिसत असेल तर आणखी वेळ द्यावा. पाणी पिण्यायोग्य असल्याची खात्री नसेल तर उकळून गार केलेले पाणी तांब्याने धार धरून ओतावे. सलाइन, म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी, नसल्याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण स्वच्छ नळाच्या पाण्याने धुतलेल्या जखमांत जंतुसंसर्ग अधिक होतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. मात्र पाय बादलीत बुडवून ठेवणे म्हणजे जखम धुणे नव्हे. त्या पाण्यात निघालेली घाण तिथेच तरंगत राहते, तर वाहती धार ती वाहून नेते.

साबण आजूबाजूच्या कातडीला, बोटांच्या बेचक्यांत आणि तळव्याला लावावा, थेट जखमेत घालू नये. धारेने न निघालेला कण दिसत असेल तर चिमट्याची टोके स्पिरिटने पुसून, ती वाळल्यावर, कण दिसतो त्याच बाजूने अलगद ओढून काढावा. नखाच्या कडेखाली किंवा उचकटलेल्या कातडीच्या पापुद्र्याखाली माती अडकली असेल तर पापुद्रा बोटाने किंचित उचलून त्याखाली पाण्याची धार जाऊ द्यावी. सुईने किंवा टाचणीने कोरू नये. पापुद्रा जिवंत आणि गुलाबी असेल तर तो कापून टाकू नये, धुऊन झाल्यावर पुन्हा जागेवर पसरून ठेवावा, कारण जखमेला त्याच्याइतके चांगले आवरण दुसरे नाही. एवढे करूनही कण आत रुतून राहिला असेल तर पुढचे काम डॉक्टरांकडे सोपवावे.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा तीव्र जंतुनाशक द्रावण उघड्या जखमेत ओतू नये, असे मी आग्रहाने सांगेन. झोंबते म्हणजे औषध काम करते आहे, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात ही द्रव्ये जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशींनाही इजा करतात. कोणतीही पूड, राख, चिखल, पाला किंवा दातांची पेस्ट जखमेत भरल्याने तर नवी घाण आत जाते आणि डॉक्टरांना जखम पाहण्याआधी ती काढत बसावे लागते.

घरी ठेवावे की दवाखान्यात न्यावे

आता भरपूर उजेडात बोट नीट पाहावे आणि दुसऱ्या पायाच्या त्याच बोटाशी त्याची तुलना करावी. जखमेच्या कडा आपोआप जवळ येत नसतील, आत पांढरे हाड किंवा दोरीसारखा स्नायूबंध दिसत असेल, पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट वाकडे झाले असेल, त्याचे टोक पांढरे किंवा निळे पडून बधिर झाले असेल, तर घरी वेळ न दवडता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. टाके घालायचे असतील तर ते लवकरात लवकर घातलेले बरे. खिळा किंवा काच तळव्यातून खोल घुसली असेल तर वरून छिद्र लहान दिसले तरी ती जखम घरी बरी करण्यासारखी नसते. प्राणी चावला असेल तर जखम भरपूर धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

मधुमेह असलेल्या व्यक्तींनी पायाच्या लहानशा जखमेसाठीही त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांच्या पायांतील संवेदना अनेकदा कमी झालेली असते, रक्तपुरवठाही मंदावलेला असू शकतो, आणि त्यामुळे दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहिलेली जखम हाडापर्यंत पोहोचू शकते. पायांचा रक्तपुरवठा कमी असणारे, रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांनाही हीच खबरदारी लागू आहे. लहान मुलाच्या नखाच्या मुळाशी रक्त दिसत असेल तर एक्स-रे काढून घेणे श्रेयस्कर आहे, कारण नखाच्या मुळालगत हाडाची वाढ होणारी पट्टी असते आणि तिथला अस्थिभंग बाहेरून नखाच्या साध्या जखमेसारखा दिसतो.

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हेही याच वेळी आठवून पाहावे. प्राथमिक डोस पूर्ण झालेले असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसाला 10 वर्षे आणि माती गेलेल्या किंवा खोल जखमेसाठी 5 वर्षे उलटून गेली असल्यास नवा डोस लागतो. डोस आठवत नसतील तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पट्टी बांधणे

धुतलेली जखम स्वच्छ गॉझने टिपून घ्यावी, पुसू नये. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जखम उघडी ठेवून सुकू दिली की लवकर भरते ही समजूत चुकीची आहे. 1962 मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवून दिले की ओलावा राखलेल्या जखमेवर नवी त्वचा सुकलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने धरते, आणि आजची मलमपट्टीची पद्धत त्याच तत्त्वावर उभी आहे. स्वच्छ धुतलेल्या साध्या जखमेला प्रतिजैविक मलमाची गरज सहसा पडत नाही, शिवाय निओमायसीन हे प्रतिजैविक असलेल्या मलमांची काही जणांना ॲलर्जी होऊन बोटाला खाज आणि पुरळ येते.

जेलीवर न चिकटणारे गॉझ ठेवून चिकटपट्टीने ते बसवावे. पट्टी बोटाभोवती गोल आणि घट्ट गुंडाळू नये, सूज येण्यासाठी जागा ठेवावी. शेजारच्या बोटांमध्ये घाम साचून कातडी पांढरी आणि भुसभुशीत होऊ नये म्हणून बेचक्यात गॉझची पातळ घडी ठेवावी. पट्टी बांधून झाल्यावर बोटाचे टोक दाबून सोडावे: पांढरा पडलेला भाग साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. काळसर त्वचेवर हा बदल नखात अधिक स्पष्ट दिसतो. रंग परतायला वेळ लागत असेल किंवा बोटाला मुंग्या येत असतील तर पट्टी सोडून सैल बांधावी.

पट्टी रोज एकदा आणि ओली किंवा मळकी झाली की लगेच बदलावी. गॉझ चिकटले असेल तर ओढून काढू नये. पाण्याने भिजवून काही मिनिटे थांबले की ते आपोआप सुटते आणि नव्याने धरलेली नाजूक त्वचा शाबूत राहते.

नखाची इजा

अर्धवट उचकटलेले नख ओढून काढण्याची घाई करू नये. नखाखालची नाजूक त्वचा उघडी पडली की वेदना कित्येक पटींनी वाढते, आणि सैल झालेले नखही तिचे रक्षण करत असते. कपड्यात किंवा मोज्यात अडकणारा, पूर्णपणे सुटा असलेला भाग तेवढा स्वच्छ कात्रीने कापावा, उरलेले नख जागेवर बसवून पट्टी बांधावी.

नखाखाली रक्त साकळले की नख काळे-निळे पडते आणि बोट नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकू लागते. दुखणे सोसण्यासारखे असेल तर काही करावे लागत नाही. ठणका असह्य असेल तर डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात आणि तत्काळ आराम पडतो; हे पहिल्या एक-दोन दिवसांतच उपयोगी ठरते, कारण नंतर रक्त घट्ट होते. तापवलेल्या सुईने हा प्रयोग घरी करू नये. नखाखाली मोडलेले हाड असेल तर त्या छिद्रातून जंतू थेट हाडापर्यंत जाण्याचा धोका असतो.

सूज आणि दुखणे

कातडी फाटलेली नसून नुसता मुका मार असेल तर बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी दहा ते पंधरा मिनिटे धरावा आणि पहिले दोन दिवस काही तासांच्या अंतराने हे करत राहावे. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, आणि पायाची संवेदना कमी असलेल्यांनी बर्फ वापरूच नये. बसताना-झोपताना पाय उंच ठेवल्याने रात्रीचा ठणका बराच कमी होतो. निरोगी प्रौढ व्यक्तीने दुखण्यासाठी पॅरासिटामॉल 500 मिलीग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे आणि 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

अंगठा सोडून इतर बोटांना मार लागला असेल आणि बोट सरळ असेल तर ते शेजारच्या बोटाला, दोहोंमध्ये गॉझ ठेवून, चिकटपट्टीने सैलसर बांधावे. निरोगी बोट दुखऱ्या बोटाला आधार देते. कडक तळव्याचे, पुढे ऐसपैस असलेले पादत्राण वापरावे. बोटाचे साधे अस्थिभंग याच उपायांनी साधारण चार ते सहा आठवड्यांत भरून येतात. अंगठ्याची गोष्ट वेगळी आहे. चालताना शरीराचा भार त्याच्यावर येतो, म्हणून अंगठा टेकवता येत नसेल तर एक्स-रे टाळू नये.

पुढचे काही दिवस

पहिल्या दिवशी जखमेच्या कडेला थोडी लाली आणि ऊब असणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे उतरणीला लागायला हवे. ते उलट वाढू लागले, पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, ताप आला किंवा पायावर लाल रेघ वर सरकताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लाली पसरते आहे की नाही याचा अंदाज येत नसेल तर तिच्या कडेवर पेनाने रेघ आखून ठेवावी आणि काही तासांनी पाहावे; लालीने रेघ ओलांडली असेल तर संसर्ग पसरत आहे असे समजावे.

नख गळून पडले असेल तर नवे नख दिसायला काही आठवडे लागतात, आणि अंगठ्याचे नख पूर्ण वाढायला वर्ष ते दीड वर्ष लागते. ते कापताना सरळ रेषेत कापावे, कोपरे खोलवर गोलाकार कापू नयेत, नाहीतर कड मांसात घुसून तिथे पुन्हा सूज आणि पू होतो. नवे नख फारच जाड किंवा दुभंगलेले येत असेल तर नखाच्या मुळाला इजा झालेली असू शकते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.