स्टेडियम नेमके कोणाचे, हे चाहत्याने कसे तपासावे

इंग्लंडमधील एखाद्या फुटबॉल क्लबच्या मालकावर कितपत विसंबावे, हे त्याच्या मुलाखतींवरून ठरवू नये, कागद पाहावेत. त्यांपैकी बहुतेक कागद पुण्यात बसूनही पाहता येतात.

प्रथम ‘कंपनीज हाउस’ या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबचे कायदेशीर नाव शोधावे. त्यासाठी शुल्क लागत नाही. क्लबच्या डोक्यावर एक धारक कंपनी (क्लबचे भाग जिच्याकडे असतात ती) आणि तिच्या डोक्यावर आणखी एखादी कंपनी असू शकते, म्हणून ही साखळी शेवटपर्यंत तपासावी. वार्षिक हिशेबात नफ्याचा आकडा पाहून थांबू नये; शेवटच्या टिपांमधील ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ हा भाग आधी वाचावा, कारण मालकाने स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला काय विकले आणि तिच्याकडून किती कर्ज घेतले, हे तेथेच उघड होते. तारण ठेवलेल्या मालमत्तेची नोंद त्याच संकेतस्थळावर वेगळी असते.

त्यानंतर, आपण सातबारा काढतो त्याप्रमाणे, ‘लँड रजिस्ट्री’कडून थोडे शुल्क भरून स्टेडियमचा मालकी उतारा घ्यावा आणि त्यातील तारखा हिशेबातील तारखांशी ताडून पाहाव्यात.

या ताळ्याचे महत्त्व शेफील्ड वेन्सडे या क्लबच्या प्रकरणात दिसले. तेव्हाचे मालक डेजफोन चान्सिरी यांच्या कंपनीला आपले हिल्सबरो स्टेडियम सुमारे 6 कोटी पौंडांना विकल्याचे क्लबने 2017-18 च्या हिशेबात दाखवले आणि त्यामुळे तोट्याचे वर्ष नफ्याचे झाले. परंतु खरेदीदार कंपनीची नोंदणीच जून 2019 मधील होती. विक्री केली म्हणून नव्हे, तर ती चुकीच्या वर्षात धरून तोट्यावरील मर्यादेचा लीगचा नियम मोडला म्हणून लीगच्या गुणतक्त्यातील 12 गुण कापले गेले. अपिलात ही कपात 6 गुणांवर आली, तरीही 2021 मध्ये क्लबची पदावनती झाली, म्हणजे तो खालच्या श्रेणीत गेला. ते 6 गुण हाती असते, तर ती टळली असती. शेवटचा सामना योगायोगाने डर्बी काउंटीशी, म्हणजे आपले प्राइड पार्क स्टेडियम मालकाच्याच कंपनीला विकलेल्या क्लबशी होता.

अशी विक्री म्हणजे लबाडीच, असे मी म्हणणार नाही. मात्र विक्रीनंतर क्लब तेच स्टेडियम भाड्याने वापरतो, म्हणून भाडेपट्टा किती वर्षांचा आहे, भाडे किती आहे आणि मालक बदलल्यास स्टेडियम परत घेण्याचा हक्क क्लबला आहे का, हे तीन प्रश्न समर्थक संघटनेमार्फत लेखी विचारावेत. तोंडी उत्तराला किंमत देऊ नये.

स्थानिक परिषदेकडे स्टेडियमची ‘समुदायमूल्य असलेली मालमत्ता’ म्हणून नोंद करवून घेता येते. त्यामुळे विक्रीपूर्वी समुदाय-गटांना बोली लावण्यास अवधी मिळतो, पण मालकावर त्यांनाच विकण्याचे बंधन नसते. त्यामुळे हे कवच पातळच आहे. लंडनच्या चेल्सी क्लबच्या चाहत्यांचा बंदोबस्त अधिक पक्का आहे. क्लबच्या स्टॅमफर्ड ब्रिज स्टेडियमची जमीन भागधारक चाहत्यांच्या कंपनीकडे असून, 2011 मध्ये तेव्हाचे मालक रोमन अब्रामोविच यांच्या काळात क्लबने ती परत मागितली, तेव्हा आवश्यक 75 टक्के मते मिळाली नाहीत. 2025 च्या फुटबॉल प्रशासन कायद्यातही स्टेडियम विकण्यापूर्वी स्वतंत्र नियामकाची मान्यता घेण्याची तरतूद आहे.

खासगी कंपनीला हिशेब सादर करण्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यापासून 9 महिने मिळतात. ती मुदत उलटूनही हिशेब आले नसतील, तर ते येण्याची वाट न पाहता क्लबला पहिले पत्र त्याच आठवड्यात पाठवावे.